पाणी पिकेपर्यंत

१

धुळ्यात नळाला पाणी आलं की देवपुरातल्या त्या कॉलनीत लग्नघरासारखी धांदल उडते. मोटारी सुरू होतात, पिंपं घासली जातात, कुणाची गच्चीवरची टाकी वाहायला लागली की शेजारी ओरडतो, "अहो, भरली तुमची, बंद करा लवकर!" नळ पुन्हा कधी येईल ते छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. आणि अशा गावात आमच्या प्रशील सरांनी घरात समुद्र आणायचं मनावर घेतलं. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते काही खोटं नाही.

साधे रंगीत मासे नव्हेत बरं का, ते कुणाच्याही घरी असतात. ही खाऱ्या पाण्याची टाकी. तिच्यात फुलांसारखी उघडमीट करणारी कोरल वाढवायची आणि त्यांच्यामधून नारंगी-पांढरे मासे फिरवायचे. प्रशील इंजिनिअरिंग कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा, त्यामुळे पाण्यात मीठ किती, अमोनिया किती, हे मोजण्यात त्याला भलतीच गोडी लागली. माणूस हुशार, बोलायला तर विचारूच नका. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात तो स्वाभिमानावर बोलायला उभा राहिला की पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं डोळे पुसायची.

टाकी ठेवायला हॉलमधली एकच भिंत योग्य होती. तिच्यावर ऊन येत नव्हतं, आणि खाली भक्कम बीम होता. अडचण एवढीच, की त्या भिंतीला झुंबरबाईचा दिवाण होता.

झुंबरबाई म्हणजे प्रशीलची आई. नवरा पितांबर अमळनेरला तेलाच्या मिलमध्ये हमाली करायचा. तो गेल्यावर नरडाण्याजवळच्या गावात ती एकटीच राहायची. प्रशीलने तिला धुळ्याला आणलं, तेव्हापासून तो दिवाण म्हणजेच तिचं घर. त्यावर तिची लाल ठिगळाची गोधडी, समोर कूलर. दुपारी जेवण झालं की ती मांडी घालून बसायची आणि अडकित्त्याने सुपारी कातरायची. टक्, टक्, आणि मग घाईने तिसरं टक्. प्रशील कॉलेजातून आला की मान वर न करता विचारायची, "उना का रे भाऊ? जेवना का?" संध्याकाळचे पाच वाजलेले असले तरी तेच, "जेवना का?" तो "हं" म्हणायचा आणि बूट काढायचा.

"आई, तुझा दिवाण मागच्या खोलीत नेऊ का?" त्याने विचारलं. विचारलं म्हणजे काय, दोन माणसं दिवाण उचलायला दारात येऊन उभीच होती.

"माले काय, मी कोठेबी पडसू," झुंबरबाई म्हणाली.

मागच्या खोलीला पश्चिमेची भिंत. एप्रिलमध्ये त्या भिंतीवर पापड भाजावा. पण ती काही बोलली नाही. बोलली ती फक्त पाण्यावरून. टाकीला शुद्ध पाणी लागतं, आणि ते काढणारं यंत्र एक बादली चांगलं पाणी द्यायला तीन बादल्या गटारात सोडतं. ते बघून म्हातारीचा जीव खालीवर व्हायचा. तिने तरुणपणी विहिरीच्या काठावर ओंजळ धरून उभं राहून, वरून कुणी ओतेल त्याची वाट पाहिलेली होती. "बठ्ठं पानी वाया जास रे भाऊ," म्हणत ती वाया जाणारं पाणी बादल्यांत धरायची आणि कढीपत्त्याला घालायची. त्या बादल्या हॉलमधून जाताना फरशीवर शिंतोडे पडायचे. प्रशीलला त्याचाही राग यायचा. कुणी आलं तर काय म्हणेल?

२

टाकी भरली, मीठ विरघळलं, पांढरी वाळू बसली. जळगावचा समाधान माशांचं दुकान चालवतो, त्याच्याकडून कोरडे, पांढरेफटक दगड आणून प्रशीलने त्यांची छोटी टेकडी रचली. मागच्या काचेला काळा कागद चिकटवला. निळे दिवे लावले आणि रविवारी संध्याकाळी कॉलेजातल्या लोकांना बघायला बोलावलं. मासे अजून नव्हते, पण दम कुणाला धरवतो?

"आई, तू आत बस हं जरा. गर्दी होईल," त्याने आधीच सांगून ठेवलं होतं.

विभागप्रमुख देसले सर आले, त्यांच्या पत्नी सुनंदाबाई आल्या, आणखी दोघंतिघं आले. मंडळी मोकळी, हसतीखेळती. देसले सर चष्मा पुसून म्हणाले, "प्रशील, समुद्र झकास आहे. मासे काय पोहायला गेलेत?"

"अजून महिनाभर तरी नाही सर. आधी पाणी पिकायला हवं. न दिसणारे जंतू तयार व्हावे लागतात. ते दगडात घर करतात, घाण खातात, मगच त्यात जीव जगतो."

"म्हणजे आत्ता आत कोणीच नाही?"

"कोणीच नाही."

हसण्याच्या आवाजाने झुंबरबाईला राहवलं नाही. हातात अडकित्ता, पायात काही नाही, पदर खोचलेला, अशी ती बाहेर आली आणि सवयीने आपल्या जागेवर गेली. जागेवर दिवाण नव्हता, म्हणून टाकीपाशी जमिनीवर बसली. काचेत डोकावून म्हणाली, "काय रे भाऊ, हाई इतलं पानी, आन एक मासा नही?"

सगळे हसले. वाईट हसले नाहीत हो, कौतुकानेच हसले. सुनंदाबाईंनी तर तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रशीलकडे वळून विचारलं, "ह्या कोण?"

आता सांगायला काय लागत होतं? दोन शब्द. पण प्रशीलला तिच्या टाचांच्या भेगा दिसल्या, सुपारीने तांबडे झालेले दात दिसले, तिचं ते "हाई" आणि "इतलं" अजून कानात वाजत होतं. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "गावाकडच्या बाई आहेत. कामाला ठेवलंय."

स्वयंपाकघराच्या दारात त्याची बायको मृणाली चिवड्याच्या बश्या घेऊन उभी होती. ती जागच्या जागी थिजली. झुंबरबाईने वर पाहिलं. प्रशील टाकीकडे पाहत राहिला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसाला वाटतं म्हणतात. त्याला तसं अगदी वाटलं. पण दुरुस्त करायला जीभ उचलली नाही.

म्हातारी गुडघ्यावर हात देत उठली. अडकित्ता तिने कमरेच्या पिशवीत सरकवला. मग एकेकाच्या हातातला रिकामा कप घेत ती प्रशीलपाशी आली आणि अगदी स्वच्छ मराठीत म्हणाली, "द्या साहेब, कप नेते."

आणि त्याने दिला.

३

"काय बोललात तुम्ही?" पाहुणे गेल्यावर मृणालीने त्याला गाठलं. "स्वतःच्या आईला? जनाची नाही तर मनाची तरी?"

"पटकन तोंडातून गेलं गं."

"मग जा आत. आत्ताच्या आत्ता पाय धरा त्यांचे."

"उद्या बोलतो. आत्ता ती चिडलेली असेल."

चिडलेली वगैरे काही नव्हती ती. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. ती सगळ्यांचे कप घासत होती.

दुसऱ्या दिवशी तो कॉलेजातून आला. बूट काढले. "उना का रे" आलं नाही. मागच्या दारातून ती आली, हातात तांब्या. "पाणी देऊ का साहेब?"

रुसली आहे, त्याने मनाशी म्हटलं. म्हातारी माणसं असं मनाला लावून घेतात. चार दिवसांनी विसरेल. एवढं मनाचं समाधान करून तो टाकीसमोर बसला, मिठाचं प्रमाण मोजायला थेंब घेतला, आणि तेवढ्यात ऐकू आलं.

टक्. टक्. आणि घाईने, टक्.

तो मागे वळला. हॉल रिकामा होता. झुंबरबाई मागे कपडे वाळत घालत होती, खिडकीतून दिसत होती. तिचे दोन्ही हात दोरीवर होते. आवाज मात्र टाकीतून आला होता.

रसायनशास्त्राचा माणूस, लगेच भुताखेताच्या मागे कशाला लागेल? पंपाच्या पात्यात वाळूचा खडा अडकला असेल. त्याने पंप काढून धुतला. पाणी गार ठेवणारा चिलर सुरू-बंद होताना आवाज करत असेल. त्याने चिलर बंद ठेवला. उन्हाने काच ताणली जात असेल. पण ही तर ऊन न येणारी भिंत, तिच्यासाठीच तर सगळा खटाटोप केला. मग त्याने आतलं सगळंच बंद केलं. पाणी थांबलं, घर गप्प झालं. आणि त्या शांततेत, दगडांच्या मागून, दोन सावकाश, एक घाईचं.

त्याने जळगावला समाधानला फोन लावला.

"सर, कोळंबीची एक जात असते," समाधान म्हणाला. "पिस्तूल कोळंबी. चिमटा असा आपटते की टकटक वाजतं. समुद्रातल्या ओल्या दगडातून लपून येते. घाबरायचं नाही."

प्रशीलचा जीव भांड्यात पडला. "तेच असणार मग."

"पण थांबा सर, तुम्ही तर कोरडा दगड नेला ना? माझ्याकडे वर्षभर गच्चीवर उन्हात पडलेला. त्यात हो काय जिवंत असणार?"

४

पाणी पिकत गेलं. आधी अमोनिया चढला, मग उतरला. पांढऱ्या वाळूवर तपकिरी साय धरली, दगडांना शेवाळाची लव आली. घरातही काहीतरी तसंच धरत चाललं होतं, पण ते मोजायचं यंत्र प्रशीलकडे नव्हतं.

झुंबरबाईची खानदेशी बोली गेली. एकदम गेली. जन्मभर जिच्या तोंडी "शे" आणि "नही" होतं, ती आता "आहे" आणि "नाही" म्हणायला लागली. पहाटे उठून अंगण झाडायची, सगळ्यांचं झालं की मागच्या पायरीवर बसून जेवायची. सुपारी खाताना दिसेना. आणि दुपारी तो घरी असला की टाकीतून मात्र अडकित्ता वाजायचा.

तो मृणालीला म्हणाला, "तुला ऐकू येतं का?"

"काय?"

"टाकीतून. टकटक."

"तुमच्या टाकीतून शंभर आवाज येतात. मी कशाला ऐकत बसू?" मग कणीक मळता मळता म्हणाली, "बरं, बाईंना सांगा, उद्या माळा झाडायचाय."

बाईंना! हा टोला आहे, हे त्याला कळलं. बायको त्याचंच वाक्य त्याच्या तोंडावर मारत होती. मारू दे, आपली तीच लायकी, असं म्हणून त्याने मान खाली घातली. आठ दिवस तो हा टोला सोसत राहिला. मृणालीच्या चेहऱ्यावर मात्र टोला मारल्याची खूण दिसेना. ती सहज बोलत होती. "बाई, जरा गॅस बंद करा." "बाईंना साडी द्यायची का हो एखादी, जुनी?"

शेवटी त्याने लेकीला जवळ घेतलं. मितू सात वर्षांची, तिला काही अशी नाटकं महिना महिना जमायची नाहीत. "मितू, आजीला बोलव गं."

"आजी कुठून येईल आत्ता?" मितू हसली. "आजी अमळनेरला आहे ना."

"ती आईची आई. माझी आई? आपल्या घरातली?"

मितूने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू बाबा काहीतरी खेळ खेळतोय आणि तिला नियम माहीत नाहीत. मग ती मागे पाहून म्हणाली, "मावशी, बाबा काय म्हणतायत बघा ना!"

त्याने मोबाइल काढला. फोटो बघितले की संपलं, एवढं सोपं. टाकीचे फोटो शेकड्याने होते. पाणी भरताना, वाळू टाकताना, दिवे लावताना. आईचा एक नव्हता. त्याला आठवलं, लेकीच्या वाढदिवशी त्यानेच म्हटलं होतं, "आई, जरा बाजूला हो, फोटो छान येऊ दे." आणि ती झाली होती बाजूला. तिला बाजूला व्हायची सवयच होती.

गावी चुलतभाऊ वना असतो. त्याला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर वना म्हणाला, "काकू कशी शे? तूच ते लई गया तिले. बरी शे ना?"

काय सांगणार? आईला कामवाली म्हटलं आणि ती कामवाली झाली?

"हो," प्रशील म्हणाला. "बरी आहे."

५

मे महिन्यात दुपारी वीज जायला लागली. टाकीचं पाणी तापलं की कोरल मरतात, म्हणून प्रशीलने इलेक्ट्रिशियन बोलावून चिलर इन्व्हर्टरवर घेतला होता. इन्व्हर्टरला तेवढा भार झेपेना, तेव्हा एक तार काढावी लागली. मागच्या खोलीच्या पंख्याची. हे त्याने मृणालीला सांगितलं नव्हतं. असल्या गोष्टी माणूस स्वतःलाही नीट सांगत नाही.

त्या दुपारी मृणाली आणि मितू बाहेर गेल्या होत्या. वीज गेली. टाकीतली पहिली कोरल गार पाण्यात डुलत होती आणि अडकित्ता वाजत होता. प्रशीलला ते सहन होईना. आज काय व्हायचं ते होऊ दे, म्हणून तो उठला आणि मागच्या खोलीत गेला.

ती जमिनीवर बसली होती. पदराने वारा घेत होती. दिवाणावर साधी चादर. लाल ठिगळाची गोधडी कुठेच नव्हती. खोलीत शिरताच तोंडावर भट्टीसारखी धग आली.

तो तिच्यापुढे खाली बसला. धुळ्याला आल्यापासून तो तिला "आई" म्हणायला लागला होता. त्याआधी गावी असताना म्हणायचा ते हाक मारायचं नाव त्याने जिभेवर घेतलं.

"माय," तो म्हणाला. "माय, मनं चुकनं."

ती घाईने उठली. पदर डोक्यावर घेतला. "असं काय करता साहेब? उठा, फरशी तापलेली आहे."

"तू माझी आई आहेस."

"थट्टा नका करू गरिबाची."

"मग तुमचं कोण आहे? मुलगा नाही का तुम्हाला?"

तिने थोडा विचार केला. खरंच विचार केला, आठवून पाहिल्यासारखा. "नाही साहेब," ती म्हणाली. "मला कोणी नाही."

बोलताना तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि बाही मागे सरकली. झुंबरबाईच्या उजव्या हातावर गोंदण होतं. पितांबरचं नाव, वेडंवाकडं, जत्रेत गोंदवलेलं, हिरवं पडलेलं. लहानपणी प्रशील त्या अक्षरांवरून बोट फिरवून बापाचं नाव लिहायला शिकला होता. ह्या हातावर काही नव्हतं. साधी, स्वच्छ, सुरकुतलेली कातडी.

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हा चेहरा आईचा आहे का? नाक तसंच? डोळे तसेच? आणि त्याला सांगता येईना. आईच्या चेहऱ्याकडे त्याने कित्येक वर्षांत नीट पाहिलंच नव्हतं. ताडून बघायला मनात काही नव्हतंच.

तो अडखळत हॉलमध्ये आला. टाकी दोन फूट खोल. मागे काळा कागद, त्यामागे भिंत. हे त्याने स्वतः मोजून घेतलेलं. पण आत्ता दगडांच्या टेकडीमागे पाणी लांबपर्यंत गेलेलं दिसत होतं, एखाद्या खोलीएवढं लांब. आणि त्या टोकाला, निळसर उजेडात, कशाची तरी कड लोंबत होती. कापडाची. लाल ठिगळाची.

त्याने कपाळ काचेला टेकवलं. काच थंडगार होती. आतून, अगदी बारीक आवाजात, कुणीतरी आतल्या जागेबद्दल स्वतःशीच म्हणालं, "आठे बरं शे. गार शे आठे."

६

मासे आले. समाधानने जळगावहून पिशवीत ऑक्सिजन भरून पाठवलेली नारंगी-पांढरी जोडी. पाणी पिकलं होतं. सगळी मापं हवी तशी आली होती. देसले सर कॉलेजात भेटतील तेव्हा विचारायचे, "काय प्रशील, समुद्रात वस्ती झाली का?" शेवटी मृणालीनेच सगळ्यांना पुन्हा चहाला बोलावलं.

प्रशीलने मनाशी खूणगाठ बांधली होती. जिथे बिघडलं तिथेच दुरुस्त होईल. तीच माणसं, तोच हॉल. सगळ्यांसमोर, मोठ्याने, "ही माझी आई" म्हणायचं. लोक हसोत, वेडा म्हणोत. रसायनशास्त्रात काही क्रिया उलट करता येतात, तशी ही का येऊ नये? सकाळपासून तो ते वाक्य घोकत होता.

मंडळी आली. दिवे लागले. मासे कोरलच्या बोटांमधून आतबाहेर करायला लागले आणि सुनंदाबाई लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवून "अगंबाई!" म्हणाल्या. चहा झाला. आतल्या दारात ती बाई ट्रे घेऊन उभी होती, मान खाली घालून. प्रशील उठला. घसा खाकरला.

"मला एक सांगायचंय," तो म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. त्याने दाराकडे हात केला, आणि तेवढ्यात टाकीतून आवाज आला.

टक्. टक्.

तिसरं आलं नाही. म्हणून त्याने पाहिलं.

दगडांमागचं पाणी लांब गेलेलं होतं. दोन्ही मासे एका कोपऱ्यात अंग चोरून उभे होते. पलीकडे दिवाण होता, अर्धा. त्यावर मांडी घातलेले गुडघे, आणि गुडघ्यावर दोन हात. उजव्या हातावर हिरवी, वेडीवाकडी अक्षरं. अडकित्ता अर्धवट मिटलेला, सुपारी मध्येच थांबलेली. चेहरा दगडाच्या आड होता. दिवाणाच्या कडेला आणखी कुणीतरी बसलेलं होतं. त्याचे फक्त पाय दिसत होते, तेलाने काळवंडलेले, मिलमधून आत्ताच घरी आल्यासारखे.

"कोन शे व तो?" काचेतून बघत राहिलेल्या प्रशीलबद्दल त्या पायांच्या धन्याने विचारलं. "कव्हळना आपलाकडे देखी ऱ्हायना."

ते हात हलले. अडकित्ता मांडीवर ठेवला गेला. दगडाआडून चेहऱ्याची कड पुढे आली. एक गाल, एक डोळा, त्या डोळ्याभोवतीच्या सुरकुत्या. आणि प्रशीलला तो चेहरा क्षणात ओळखता आला. ताडून बघायची गरज लागली नाही.

"मना आंडोर शे," झुंबरबाई म्हणाली. आवाजात अभिमान मावत नव्हता. "मना पोऱ्या शे तो. मोठा सायेब शे."

प्रशीलच्या डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं. त्याच्या छातीतून हाक वर आली, लहानपणची, गावातली. त्याने काचेवर दोन्ही हात ठेवले. "मा—"

"प्रशील?" मागून देसले सरांचा आवाज आला. "काय हो, काय झालं? कोण आहे तिथे?"

तो वळला. पाच-सहा चेहरे त्याच्याकडे बघत होते. सुनंदाबाईंचा कप ओठांपाशी थांबला होता. देसले सरांच्या भुवया वर गेल्या होत्या. त्याचे हात काचेवर, डोळ्यांत पाणी, तोंडात गावाकडचा अर्धा शब्द. आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. जुनी, ओळखीची, सवयीची लाज. विचार करायच्या आत तिने त्याच्या तोंडचा शब्द घेतला आणि दुसरा ठेवला.

"कोणी नाही सर," प्रशील म्हणाला. हसला सुद्धा. "तिथे कोणी नाही."

मागे काहीतरी मिटल्याचा आवाज आला. हलकासा, पिशवीत अडकित्ता सरकवावा तसा.

त्याने वळून पाहिलं तेव्हा दोन फुटांवर काळा कागद होता. मासे कोपऱ्यातून बाहेर येऊन मजेत फिरत होते. पंप घरघरत होता, आणि त्यामागे शांतता होती, नुसती पाण्याची. त्याने श्वास रोखून ऐकलं. मग आणखी ऐकलं.

"तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं ना?" सुनंदाबाईंनी आठवण करून दिली.

"काही विशेष नाही हो. मासे जगले, एवढंच."

सगळ्यांनी हसून त्याला शाबासकी दिली. आतल्या दारातून ती बाई पुढे आली आणि एकेकाचे रिकामे कप ट्रेमध्ये ठेवत, पावलांचा आवाज न करता, त्याच्यापाशी येऊन थांबली.

"द्या साहेब," ती म्हणाली. "कप नेते."

प्रशीलने मान खाली घातली आणि कप तिच्या हातात दिला.